पाणबुड्याचं पाणी

दादा पेन्सिलने काढायचा आणि धाकटी त्यावर शाई चढवायची. पाणबुड्या या नायकाची कॉमिक्स चौदा वर्षं अशीच निघाली. समुद्र आला की दादा चौकट रिकामी सोडून कोपऱ्यात बारीक लिहायचा, ‘इथे पाणी’. मग बहीण ओठांनी ब्रशचं टोक जुळवायची आणि लाटा, बुडबुडे, तळाचा अंधार, सगळं भरायची. मुखपृष्ठावर नाव एकट्या दादाचं. साहेब, एवढं जिवंत पाणी तुम्हाला जमतं कसं, अशी वाचकांची पत्रं यायची. दादा ती मोठ्यानं वाचायचा आणि दोघं पोट धरून हसायची. लग्नं दोघांनीही केली नाहीत. वेळच मिळाला नाही, असं विचारणाऱ्याला सांगायची.

पुढे कॉमिक्स खपेनाशी झाली, प्रकाशकानं हात वर केले. दादा जाहिरात कंपनीत लागला. जाहिरात चित्रित होण्याआधी ती गिऱ्हाइकाला कागदावर दाखवायची असते. आई हसते, मूल बिस्किट खातं, बाबा हसतो. दादा कच्चं काढून घरी आणायचा, धाकटी पक्कं करायची.

“आईचे दात अजून दिसायला हवेत म्हणे.”

“अजून? बत्तीस तर काढलेत!”

गिऱ्हाइकानं एकदा पाहिलं की कागद कचऱ्यात. अशी नऊ वर्षं गेली.

मग एका टीव्ही कंपनीनं कार्टून मालिकेसाठी पाणबुड्या विकत घेतला आणि दादाला प्रमुख चित्रकार म्हणून बोलावलं.

“माझंही विचार ना तिथे,” धाकटी म्हणाली.

“बघतो.”

चार महिने तो बघतच होता. शेवटी ती आपली आपण गेली.

मुलाखत घेणारी मुलगी बोलायला गोड होती. भिंतीवर पाणबुड्याची जुनी पानं लावलेली, खाली सूचना : रेषा मूळ कॉमिकसारखीच हवी. मुलीनं कागद पुढे केला. धाकटीनं एक लाट काढली.

“अगदी सरांसारखी! कुठे शिकलात?”

“ती माझीच आहे. शाईचं सगळं काम माझं.”

मुलीनं गोंधळून काचेपलीकडून दादाला बोलावलं. दादानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मदत करायची ती,” तो म्हणाला. “घरच्या घरी.”

मुलगी ओशाळली. “तशीही आता शाई लागत नाही हो, मॅडम. रेषा कॉम्प्युटरच पक्की करतो.”

धाकटी जिन्यानं खाली निघाली. तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून गेले.

संध्याकाळी दादा जेवता जेवता म्हणाला, “न सांगता कशाला आलीस? माझी काय पत राहिली?”

“खरं तेवढं बोलायचंस.”

“काय बोलू? चौदा वर्षं खोटं सांगितलं म्हणून?”

त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. तो अर्ध्या ताटावरून उठला.

मालिका वर्षभर चालली. पुढचे भाग कंपनीनं दुसरीकडे करून घेतले आणि दादा घरी बसला. एका सकाळी त्यानं टेबलावर तिच्यापुढे नवा कागद ठेवला. नवा नायक, नुसत्या पेन्सिलीत.

“दोघांचं नाव घालू,” तो म्हणाला.

“मला आता येत नाही, दादा.”

तिला येत होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. कागद त्यानं उचलला नाही, तिनंही नाही. दुपारी तिनं टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागात दोन ताटं मांडली.