जस्ताची भट्टी

इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी साठवलेला पैसा लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या भट्टीत घातला. कारखान्यांतून येणारी जस्ताची राख विजेवर तापवायची आणि त्यातलं चांगलं जस्त वेगळं काढून लाद्या ओतायच्या, असं ते काम. पण विजेचे दर वाढत गेले आणि दुसऱ्या वर्षी मी भट्टी विकायचं ठरवलं.

कामगारांना तसं सांगितलं, तेव्हा बिलोलीहून आलेल्या एक बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "सर, आपण भट्टी रोज थंड करून रोज नव्यानं तापवून राहिलो. लई वीज त्यातच जाते. राख साठवू, अन् आठवड्यातले तीन दिवस सलग चालवू. पाळ्या लावा, आम्ही येतो."

मी आयुष्यभर हाच विषय शिकवला होता, तरी मला हे सुचलं नव्हतं. पुढच्या महिन्यात बिल इतकं उतरलं की विकायचं नावच काढलं नाही. त्यांना भागीदार व्हा म्हणालो, तर म्हणाल्या, "आधी सगळ्यांसाठी मोठे पंखे लावा."

पंखे लागले आणि मग त्या भागीदारही झाल्या. माझ्या कुठल्याही गुरूइतकेच मी त्यांचे उपकार मानतो.