शब्दाचे शेजारी

कवितेच्या पानावर कोरं पोस्टकार्ड आडवं धरून सर एकच ओळ उघडी ठेवत. कुणाची नजर खालच्या ओळीकडं सरकली की म्हणत, "थांबा. इथं पाणी खोल हाय."

भूमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, मी गणित. घरंही भिंतीला भिंत लागून. त्यांचा जीव तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या काही इंग्रज कवींवर जडलेला. प्रेम, देव आणि मरण यांच्याविषयी बोलताना हे कवी नकाशे, ग्रहतारे, वैद्यकी, काहीही ओढून आणतात आणि एका शब्दात दोन-दोन अर्थ कोंबतात. सरांच्या वर्गात मुलं जेमतेम अकरा, त्यातली निम्मी गाइडवर विसंबून. पण सर शिकवत ते भरल्या सभागृहात बोलावं तसं.

एकदा त्यांचा तास माझ्या तासात घुसला, म्हणून मी दारात जाऊन उभा राहिलो. फळ्यावर 'स्टिल' एवढा एकच शब्द. कवितेतला नवरा बायकोच्या अंथरुणाशी बसून म्हणतो, ती 'स्टिल' आहे. एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे ती अजून आहे, का हलत नाही?"

"शब्दाला विचारू नका, त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. आधी काय आलंय, नंतर काय आलंय?"

मुलीनं पुन्हा वाचलं. "शेजारी दोन्ही म्हणतायत, सर."

"मग दोन्ही घ्या!" ते एवढे खूश झाले, की खडू हातातून सुटला. मग मला म्हणाले, "गणितवाले, तुमचं बरंय. उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलं."

"आमच्यात दोन उत्तरं लिहिली की शून्य मिळतं, सर."

"म्हणून तर तुमच्या वर्गात कुणी रडत न्हाय."

"रडतात की. निकालाच्या दिवशी."

सर तेर गावाजवळच्या खेड्यातले. वर्गात शुद्ध बोलत, पण रंगात आले की 'आहे'चं 'हाय' होई. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

गेल्या वर्षी त्यांचा कॅन्सर मेंदूपर्यंत पोचला. सोलापूरच्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आल्यावर त्यांची भाषा एकेक करून गेली. आधी इंग्रजी, मग मराठी. शेवटी तोंडात एकच शब्द उरला.

"हाय."

पुण्याहून आलेली मुलगी म्हणे, "आई, बाबा कळवळतायत गं. हाय हाय करतायत."

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणत, "न्हाय. हाक मारली की 'मी हाय' म्हणतेत. सासूबाईंशी असंच बोलायचे."

गावातले डॉक्टर रोज संध्याकाळी येत. ते म्हणाले, "वेदना असतील तर मोठं इंजेक्शन सुरू करू. पण एकदा सुरू केलं की सर जागे राहणार नाहीत. शब्दही जाईल. तुम्ही ठरवा."

मायलेकींत दोन दिवस बोलणं नीट होईना. मी कॉलेज सुटल्यावर सरांच्या खाटेशी बसून माझ्या परीनं मोजू लागलो. कूस बदलली की 'हाय' येई. हाक मारली तरी येई. कुणी काहीच केलं नाही तरी येई. तिन्हीचा आकडा जवळपास सारखाच. म्हणजे माझ्या मोजणीतून काहीच सिद्ध झालं नाही. मी वहिनींना तसं सांगितलं. वर म्हणालो, "सर असते तर दोन्ही घ्या म्हणाले असते."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कवितेत दोन्ही घेता येतंय. सुई एकतर टोचायची, न्हायतर न्हाय टोचायची. दोन्ही कसं घेऊ?"



त्या खाली बसल्या. त्यांनी सरांना नावानं कधी हाक मारली नव्हती, तेव्हाही मारली नाही. नुसतं म्हणाल्या, "अहो."

"हाय," सर म्हणाले.

मुलगी रडायला लागली. "बघ, तू म्हणतेस तेच असेल. ओ देतायत ते."

पण वहिनींचं लक्ष तोंडाकडं नव्हतं. त्यांनी हळूच चादर बाजूला केली. सरांची डावी मूठ गादीच्या कडेला घट्ट आवळलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. वहिनींनी पुन्हा "अहो" म्हटलं. शब्द निघायच्या आधी मूठ आणखी आवळली. शब्द संपल्यावरही ती सुटली नाही.

"तुमी समदी शब्दाला विचारताय," वहिनी म्हणाल्या. "घरी शिकवणीला येणाऱ्या पोरांना हे काय सांगायचे? म्या आत भाकरी थापीत ऐकलंय."

मुलगी म्हणाली, "आई, पण मग ते परत बोलणार नाहीत."

"व्हय. मला ऐकायचं होतं म्हणून म्या तसं वाचत होते."

संध्याकाळी डॉक्टर आले. वहिनींनी स्वतः सरांची बाही वर केली. इंजेक्शननंतर थोड्या वेळानं मूठ आपोआप उघडली. तळव्यात नखांचे चार लाल व्रण होते. वहिनींनी त्यांवर खोबरेल लावलं.

मी निघायला उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, बरोबर वाचलं ना म्या?"

माझ्याकडं पुरावा नव्हता. मी "हो" म्हणालो. त्या आत गेल्या, सरांच्या छातीपर्यंत चादर ओढली आणि त्यांना वारं लागू नये म्हणून पंखा कमी केला.