आर्डिथच्या हातची गोळी

मर्ल टॉलेफ्सन टपालखात्यातून निवृत्त झाला आणि दोन महिन्यांत त्याने गॅरेजमध्ये शिसं वितळवायला सुरुवात केली. गाड्यांच्या चाकांना लावतात ती जुनी वजनं आणायची, विजेच्या भांड्यात वितळवायची आणि साच्यात रिव्हॉल्वरच्या गोळ्या ओतायच्या. त्यातही त्याला टोकाला खळगा असलेलीच गोळी हवी होती. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातल्या त्या गावात असे दहाएक छंदिष्ट सहज निघाले असते, त्यामुळे त्याची बायको आर्डिथ एवढंच म्हणाली, "माझी एकही पळी तिकडे जाता कामा नये. आणि हात धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही."

तीन आठवडे झाले तरी गोळी जमेना. कुठे सुरकुत्या, कुठे खळग्याची कड तुटकी. मर्ल शिवी हासडायचा आणि गोळी परत भांड्यात टाकायचा. ती कुरकुर ऐकून कंटाळलेली आर्डिथ एका दुपारी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझा साचा गार आहे," ती म्हणाली.

"तापमापक लावलाय मी."

"तो भांड्याला. एक गोळी ओततोस आणि मुलगी बघायला आल्यासारखा तिच्याकडे बघत बसतोस. तोवर खळगा पाडायची ती दांडी गार होते."

"नाताळची बिस्किटं नाहीत ही, बाई."

"लोखंडाचा साचाच ना? चाळीस वर्षं मी बिस्किटांचा साचा तापवतेय. ऊठ."

तिने त्याचा चष्मा लावला, चामडी हातमोजे चढवले आणि न थांबता ओतत गेली. पहिल्या आठ गोळ्या तिने बघितल्याही नाहीत. नववीपासून चकचकीत, गुळगुळीत गोळ्या पडू लागल्या. मर्लने एक उचलून खळग्यात डोकावून पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाला.

नेमबाजीच्या क्लबात मात्र त्याने त्या आपल्याच म्हणून मिरवल्या. गुन्नार न्हावी म्हणाला, "मग शनिवारी आम्हाला शिकव की." मर्ल तोंड पाडून घरी आला आणि सगळं ऐकून आर्डिथ पोट धरून हसली.

शनिवारी पाच जण आले. मर्लने घसा खाकरला. "शिकवणार ही. मी नुसतं गोळ्यांचं वजन करतो."

"ठाऊक होतं," गुन्नार म्हणाला. "तुला कधी तिकीट सरळ चिकटवता आलं नाही."

तास संपल्यावर आर्डिथने पाचही जणांना एका रांगेत हात धुवायला लावलं, आणि मगच कॉफी दिली.

आर्डिथने तोवर जन्मात बंदूक उडवली नव्हती. ऑक्टोबरमध्ये मर्ल तिला गावाबाहेरच्या एका खाणीमागच्या मातीच्या कड्याशी घेऊन गेला. त्याने पाण्याचे चार कॅन एकामागे एक मांडले. तिने त्याच्या रिव्हॉल्वरमधून आपण ओतलेली गोळी झाडली आणि पहिला कॅन असा फुटला की दोघंही भिजले. तिसऱ्या कॅनच्या तळाशी गोळी सापडली, खळग्यापासून पाकळ्या उलगडलेल्या फुलासारखी.

आर्डिथने ती तळहातावर घेऊन बराच वेळ उलटसुलट फिरवली.

"आणखी कॅन आहेत का?" तिने विचारलं.

मर्ल गाडीकडे निघालाच होता.