ताईच्या टॅक्सीचे टायर
टायर पॉलिशचा गोडसर, तेलकट वास आला की मला ताईची टॅक्सी पहिल्यांदा महाबळेश्वरला निघाली ती सकाळ आठवते. गाडी जुनीच, पांढरी होती आणि नऊला सातारा स्टँडवर पहिले प्रवासी तिची वाट बघणार होते. पोरीनं टॅक्सी चालवणं आमच्या वडिलांना, आण्णांना, पटलं नव्हतं. सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झालेले आण्णा पायरीवर बसून होते. मी उत्साहात बाटलीतून थेट टायरवर फवारा मारला आणि नुकत्याच धुतलेल्या दारावर तेलकट ठिपके उडाले. ताईचं तोंड उतरलं. तेव्हा आण्णा उठले. "टायरवर न्हाई, स्पंजवर मारायचं," म्हणत त्यांनी दार पुसलं आणि उकिडवं बसून चारही टायरच्या बाजू हलक्या हातानं घासल्या. "रस्त्याला टेकतं तिथं लावू नगंस, गाडी घसरंल." जास्तीचं पॉलिश त्यांनी फडक्यानं टिपून घेतलं. ताई किल्ली घेऊन उभीच होती. "आवं आण्णा, उशीर हुतोय." "वाळू दे. ओल्यावर पळवलीस तर समदं दारावर उडंल." ती दहा मिनिटं आम्हा बहिणींना संपता संपेनात. मग गाडी निघाली, टायर उन्हात काळेभोर चकाकत होते. दुपारी ताईचा फोन आला, "प्रवासी विचारत व्हते, गाडी नवी हाय का." मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी जुनी हाय म्हणावं, पण चालवणारी माझी लेक हाय." मी ते वाक्य ताईला फोनवर तीनदा सांगितलं, आणि आज लिहितानाही पुन्हा सांगावंसं वाटतंय.