मालकाला ठाऊक होतं का?

आमच्या धार संस्थानात समुद्राला सर्वांत जास्त भिणारा माणूस एकच होता, आणि त्याने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. ते माझे गुरुवारचे वकीलसाहेब. शिकायला आलो तेव्हा मी वार लावून जेवत असे, आणि गुरुवार त्यांच्याकडे होता. आज माझ्या नावापुढे बी. ए. लागते, त्यात त्या घरच्या वरणभाताचा वाटा मोठा आहे. पण तिथला एक घासही निर्धास्तपणे गिळल्याचे मला आठवत नाही. साहेब जिन्याची प्रत्येक पायरी रोज स्वतः दाबून पाहत. दूध आधी स्वतः हुंगत, मग मांजराला देत आणि त्या मांजराकडे टक लावून बसत. "मांजराचं झालं, आता माणसांना वाढू का?" असे काकू विचारत. "थांब. उद्या कुणाला काही झालं, तर मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची मला सोय नको," असे साहेब म्हणत.

या भीतीला कारण होते. त्यांच्या धाकट्या बहिणीचे, कृष्णाताईंचे, यजमान कोकणात जाताना आगबोटीबरोबर बुडाले. ताई भावाकडे परत आल्या. बॉयलर गळतो हे खलाशांना ठाऊक होते, कप्तानालाही ठाऊक होते. मालक मात्र मुंबईच्या कोर्टात गेला आणि म्हणाला, चूक नोकरांची, मला काहीच ठाऊक नव्हते. हे म्हणणे टिकले, तर कायद्याने त्याची जबाबदारी मर्यादित होणार होती. जहाजाच्या टनांप्रमाणे ठरलेली रक्कम त्याने भरायची, बुडालेल्यांच्या घरच्यांनी ती वाटून घ्यायची, आणि शेठ मोकळे. हे वाचून साहेबांना ताप भरला. "म्हणजे मोठ्या जहाजात बुडाला तर माणूस महाग, लहानात बुडाला तर स्वस्त? आमच्याकडे सरदाराची घोडागाडी हाकताना सईसानं कुणाला चिरडलं तर दरबार सरदारालाच उभा करतो!" पुढे नर्मदा ओलांडतानाही ते नावेचे वजन विचारू लागले. एकदा नावाडी वैतागून म्हणाला, "वकीलसाब, नाव तोलूँ के तमके पार उतारूँ?"

साहेबांची सनद धार संस्थानापुरती. मुंबईत त्यांना तोंड उघडता येत नव्हते. म्हणून तिथल्या वकिलाला ते प्रश्न लिहून पाठवत, आणि ते प्रश्न आधी माझ्यावर घासून पाहत. मी पानावर बसलो की मी जहाजाचा मालक होई.

"बोला शेठ, बॉयलर दोनदा दुरुस्त केलात. कशाला?"

"नोकरांनी केला असेल," मी भात कालवत म्हणे.

"पैसे कुणी दिले?"

"अहो, पोराला जेवू द्या!" काकू ओरडत.

"तो पोर नाही, मालक आहे."

"मग मालकाला ताक वाढू की आमटी?"

एका गुरुवारी मी इतका घाबरलो, की "ठाऊक होतं" असे बोलून गेलो. साहेब उडालेच. "ऐकलंस कृष्णे? कबूल झाला!" त्यांनी स्वतः माझ्या भातावर तूप ओतले. दाराआड ताई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "मुंबईतलाही कबूल होईल ना, दादा?" एवढेच त्यांनी विचारले.

निकालाची तार आली तेव्हा मी तिथेच होतो. साहेबांनी ती उघडली आणि मोठ्याने वाचली. मालकाला ठाऊक असल्याचे सिद्ध झाले नव्हते. जबाबदारी मर्यादित झाली होती. ताईंच्या वाट्याला काहीतरी येणार होते, पण किती, ते कुणी विचारले नाही.

"म्हणजे त्याला खरंच ठाऊक नव्हतं?" ताई म्हणाल्या.

"कोर्ट तसं म्हणतं."

ताईंनी थोडा विचार केला. "आता तरी झालं ना ठाऊक? इतकी माणसं गेली ते?"

एका प्रश्नाला दहा उलटप्रश्न करणारे आमचे साहेब. त्यांनी तार घडी करून खिशात ठेवली, आणि बहिणीकडे न पाहता फार हळू म्हणाले, "हो. झालं असेल."