भेटायला कोणी नसलेल्यांची यादी

सिस्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. फोन भंडाऱ्याच्या दवाखान्यातून होता, त्यांच्या भाच्याचा, सायमनचा. “आत्या सकाळी गेली, मॅडम,” एवढंच तो म्हणाला. मी “बरं” म्हटलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि फळ्यावरचा भागाकार पुरा केला. बाकी शून्य यायला हवी होती, माझी तीन आली. “मॅडम, चुकलं,” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. अजूनही संध्याकाळी चहा ठेवताना भिंतीपलीकडे खोकला ऐकू येतो का म्हणून मी थांबते… आणि मग चहा उतू जातो.

त्यांचं नाव फिलोमिना साळवे. मठातल्या नव्हेत, दवाखान्यातल्या सिस्टर. मूळच्या नगरकडच्या, घराणं तीन पिढ्यांचं कॅथलिक. सरकारी नोकरीत बदली होऊन तुमसरला आल्या तेव्हा गोंदिया आणि भंडारा एकच जिल्हा होता. पुढे जिल्हा फुटला आणि कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, तेव्हा त्यांना गोंदियाकडे जा म्हणाले होते. सिस्टर मोठ्या साहेबांच्या टेबलापुढे दोन दिवस ठाण मांडून बसल्या आणि तुमसरलाच राहिल्या. त्याच वर्षी आमच्या शेजारची खोली त्यांनी घेतली. आमची भिंत एक, नळ एक, आणि भांडणंही बहुतेक एकच. लग्न काहून नाही केलं असं कोणी विचारलं की म्हणायच्या, “त्या दिवशी माझी डुटी लागली होती.” नगरची बोली पहिल्या दोन-चार वर्षांतच गळून पडली आणि त्या आमच्यासारख्याच ‘मले-तुले’ करू लागल्या. फक्त रागावल्या की तिकडचं काहीतरी तोंडातून निघे, त्यावरून आम्ही राग मोजायचो.

आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी, तुळशीराम रामटेके यांनी, छप्पन साली ऐन तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. राइस मिलमध्ये आयुष्यभर पोती वाहिली, पण मान कोणापुढे वाकवली नाही. आत्मा, स्वर्ग, नरक हे शब्द आमच्या घरात निघाले की बाबा हसायचे. शेवटचे सहा महिने ते अंथरुणाला खिळले. सिस्टर तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. रोज सकाळी यायच्या, बाबांचं अंग पुसायच्या, कूस बदलून पाठीला पावडर लावायच्या. इतकं पडून राहूनही त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. बाबा त्यांना छेडायचे, “सिस्टर, तुमच्या स्वर्गात धानाची मिल हाये का? नसन तर मी तिथं करीन काय?” सिस्टर म्हणायच्या, “तिथं तुमी नुस्तं बसाचं, काकाजी. लय पोते उचलले.” बाबा उन्हाळ्यात गेले. विहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पुण्य अर्पण करायचा कार्यक्रम झाला, सिस्टर शेवटच्या रांगेत पांढरी साडी नेसून बसल्या होत्या.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी मला हाक मारली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, लिहिता येत नव्हतं. “तुझं अक्षर बरं हाये, सुषमा. एवढी यादी उतरवून दे,” म्हणाल्या. कॅथलिकांमध्ये दोन नोव्हेंबर हा सगळ्या मृतांचा दिवस. लोक कबरी साफ करतात, चुना मारतात, मेणबत्त्या लावतात, आणि आपापल्या मेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये देतात. फादर महिनाभर त्या नावांसाठी प्रार्थना करतात. सिस्टरांची यादी मात्र आपल्या माणसांची नव्हती. त्यांच्या वार्डात जे जे मेले आणि ज्यांच्यासाठी मागे कोणी आलं नाही, त्यांची होती. तुमसर रोड स्टेशनवर बेशुद्ध सापडलेला म्हातारा, नाव माहीत नाही. आसगावची बाळंतीण, तिचा नवरा टाकून गेलेला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर इकडे भीक मागत आलेली एक बाई, तिचं नुसतं गावच लिहिलेलं, कारण शेवटपर्यंत ती तेवढंच बोलत होती. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे एकाच कागदावर. मी भराभर उतरवत होते. त्या सांगत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, “आता लिही… तुळशीराम रामटेके.”

माझा पेन थांबला. हे कशासाठी, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला त्यांचं शुद्धिस्थान समजावलं. माणूस मेला की त्याचा आत्मा देवापुढे उभा राहतो, पण बहुतेकांना थेट आत घेत नाहीत. जे काही डाग, व्रण राहिले असतील ते स्वच्छ होईपर्यंत त्याला एका जागी थांबावं लागतं. तो नरक नव्हे, तिथून प्रत्येक जण स्वर्गातच जातो. “जखम भरल्याशिवाय डॉक्टर सुट्टी देते का?” त्या म्हणाल्या. “तसंच हाये ते. पण वार्डातल्या पेशंटले सोताहून उठता येत नाई ना. भेटाले येणारं कोणी पायजे. आपली प्रार्थना म्हंजे तेच, भेटीले जाणं.”

मला एवढा राग आला होता की त्यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, शुद्धी. आम्हाला अशुद्ध म्हणणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या रांग लागली होती, बाबांनी ती सगळी ओझी एका दिवसात फेकून दिली, आणि आता मेल्यावर या बाई त्यांना शुद्ध करायला निघाल्या. मी तसंच म्हणून टाकलं. “माझ्या बाबांना आत्मा नव्हता, सिस्टर. आणि असता तरी तो तुमच्याकडून धुऊन घ्यायची गरज नव्हती.” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या आजोबालेबी विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, सुषमा. मले नको सांगू ते. शुद्ध तर तिथं सगळ्यालेच व्हा लागते… फादरले, बिशपले, मलेबी.” आणि मग त्यांनी मला पकडलंच, “बरं, आत्मा नाई म्हणता, मंग तुमी पुण्यानुमोदन केलं ते कोणासाठी?” मी म्हटलं, ते जिवंत माणसांच्या मनासाठी असतं. “मंग हेबी माझ्या मनासाठीच समज,” त्या म्हणाल्या. मी ते नाव न लिहिता कागद खाटेवर ठेवला आणि निघून आले. सात-आठ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एका नळावर पाणी भरायचं आणि बोलायचं नाही, हे किती कष्टाचं असतं ते मला तेव्हा कळलं.

शेवटी त्याच आल्या, हातात करंज्यांचा डबा. “नाव नाई लिहिलं. तुझी शपथ,” म्हणाल्या. भांडण मिटलं. पुढच्या वर्षी ऑपरेशन झाल्यावर त्या पुन्हा स्वतःच लिहू लागल्या, तरी एकदा चष्मा सापडेना म्हणून यादी माझ्या हाती आली. आसगावच्या बाळंतिणीच्या खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, “शेजारच्या सुषमाचे बाबा.” मी कागद त्यांच्या नाकापुढे धरला. सिस्टर अगदी निर्विकार चेहऱ्याने म्हणाल्या, “नाव कुठं लिहिलं?” मी हसायला लागले ते थांबेनाच. बाबा असते तर तेही हसले असते, आणि मिलमधल्या सगळ्यांना ही गोष्ट सांगत सुटले असते. त्यानंतर मी त्या यादीबद्दल वाद घातला नाही. माझं मत बदललं नव्हतं, आजही बदललेलं नाही. मेल्यावर मागे काही उरतं असं मला वाटत नाही. पण सहा महिने माझ्या बापाची पाठ पुसणाऱ्या बाईला त्यांना भेटायला जावंसं वाटत असेल, तर तिला दारात अडवणारी मी कोण?

या वर्षी पावसाळ्यापासून त्या खचत गेल्या. मी भंडाऱ्याला भेटायला गेले तो शेवटचा बुधवार. बाकीच्या खाटांभोवती माणसं होती, डबे होते, सिस्टरांच्या खाटेशी एकटा सायमन मोबाईल बघत बसलेला. तो चहा आणायला गेला तसा त्यांनी माझा हात धरला. “हा पोरगा चांगला हाये, पण त्याच्या बापानं चर्च बदललं, त्यायचं आता येगळं. ते लोक मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाई,” म्हणाल्या. “माझ्या मांगं कोणी नाई, सुषमा. एवढ्या लोकायची नावं देली मी… माझं तू देजो.” आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाजवळ शांत बसलेली ही बाई, तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली. मरणाची नाही. मेल्यावर त्या वार्डात पडून राहण्याची, आणि भेटीच्या वेळी दाराकडे बघत राहण्याची. आणि मी काय म्हटलं? “तुमी पहिले घरी चला, सिस्टर. मंग बघू.” तत्त्वाला धरून बसले होते की नुसती घाबरले होते, मला अजून सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. शुक्रवारी त्या गेल्या.

दफन आमच्या गावाबाहेरच्या छोट्या कब्रस्तानात झालं. माती दिल्यावर सायमन खोली आवरायला आला. मी त्याला म्हटलं, दोन तारखेला आत्याचं नाव द्यावं लागेल. तो नम्रपणे म्हणाला, “आमच्यात तसं नसतं, मॅडम. माणूस गेला की त्याच क्षणी निकाल लागतो. आत्या प्रभूवरच्या विश्वासात गेली, ती त्याच्याजवळ आहे. मागून आपण काही केल्याने त्यात फरक पडत नाही.” आणि मग मी, आत्मा न मानणारी रामटेकेंची लेक, त्याच्याशी तावातावाने भांडू लागले. जखम, वार्ड, सुट्टी, भेटायला येणारं कोणीतरी, सगळं सिस्टरांच्याच शब्दांत. त्याने कपाटातली यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तुम्हाला पटतं हे?” मी खरं तेच सांगितलं, “नाही. पण त्यांना पटत होतं.”

दोन नोव्हेंबरला दुपारी मी चर्चमध्ये गेले. विहारातल्या एका बाईने वाटेत विचारलंच, “मॅडम, धर्म बदलला का काय?” मी म्हटलं, “नाही, एका पेशंटला भेटायला चालले.” तिथे चार-पाच कुटुंबंच होती, म्हणून फादरांनी ज्याची त्याने नावं वाचायला सांगितली. मी पूर्ण यादी वाचली. वर्गात हजेरी घ्यायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत होता, शेजारच्या सुषमाच्या बाबांपाशी जरा अडखळला तेवढाच. मग शेवटी मी माझ्या हाताने लिहिलेली ओळ आली, फिलोमिना साळवे, आणि तीही मी तशीच मोठ्याने वाचली. वाचून झालं तेव्हा सगळे खाली बघत होते. वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या, लोक पुन्हा पुन्हा लावत होते.

घरी येऊन मी पायांवर पाणी घेत होते तेवढ्यात फोन वाजला. नगरहून सायमन. इकडच्या पिकाचं विचारलं, पावसाचं विचारलं, खोलीच्या किल्लीचं विचारलं. मग परत एकदा किल्लीचंच विचारलं…

“मॅडम,” तो म्हणाला, “आत्याचं नाव दिलं का?”

“दिलं.”

“बरं झालं. पुढच्या वर्षीपण द्याल ना?”

मी म्हटलं, “देईन.”