आज गौरीला आतून चिंगीनं ओ दिली

मैत्रिणींनो, आज आमच्या शेळगावच्या घरी गौर आली. मुलगा-सून पुण्याला, दोघांनाही सुट्टी मिळाली न्हाय. त्यामुळं गौर घरात घेणारी मी एकटीच.

आमच्याकडं गौर घेऊन आलेली उंबऱ्यात थांबून म्हणते, "गौर आली." आतली विचारते, "कशाच्या पावलानं आली?" मग बाहेरची सांगते, "सोन्याच्या पावलानं." आज दोघींचं मीच बोलले. मधी आतून आमची मांजर चिंगी तेवढी म्याव म्हणाली.

मुखवटे मांडून वळले, तर चिंगी मखराखाली ओकाऱ्या काढत होती. चमकीची माळ तिनं चावली होती आणि तोंडातनं दोरा लोंबत होता. मी तो ओढणारच होते, पण आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मावशी, दोरा अजिबात ओढू नका. पोटात गेला असंल तर आतडं कापंल. हाय तशी घेऊन या."

पिशवीत घालून तिला इंदापूरला नेलं. दोरा जिभेखाली अडकला होता, डॉक्टरांनी कापून सोडवला. पोटात गेला नव्हता. मखराला कण्हेरीची फुलं हायत म्हटल्यावर, ती पण विषारी असतात, तीही ठेवू नका म्हणाले.

घरी येऊन माळा काढल्या, कण्हेर काढली, नुसता झेंडू ठेवला. खरं सांगू का, त्या माळा मी मुलाला फोटो पाठवायला लावल्या होत्या.

चिंगी आता गौरीपुढं झोपलीय. तुमच्या घरी मांजर असंल तर माळा उंच बांधा. आणि एक सांगा, तुमच्या गौरीला आतून कोण विचारतं?